लोडर आपोआप खाली बसतो: सील किट की कंट्रोल व्हॉल्व्ह?

शेणखत भरताना बकेट वर ठेवली, चहा पिऊन येईस्तोवर जमिनीला टेकलेली. मंचर-नारायणगाव पट्ट्यात यावर सल्ला ठरलेला: "सिलिंडरचं सील (आतलं तेल अडवणारी कडी) गेलं." सील किट स्वस्त, म्हणून सगळे तिकडेच धावतात. सिलिंडरला तेल सोडणाऱ्या-अडवणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हचा स्पूल (आतला सरकणारा दांडा) झिजला असेल तर बहुधा अख्खा व्हॉल्व्हच बदलावा लागतो, म्हणून त्याचं नाव कोणी काढत नाही.

पण माझा संशय आधी व्हॉल्व्हवरच. व्हॉल्व्हने सिलिंडरचे दोन्ही पोर्ट (तेल आत-बाहेर जाण्याची तोंडं) घट्ट बंद ठेवले असतील तर नुसतं पिस्टनचं सील गळून आर्म (बकेट धरणारा हात) खाली येतच नाही. आत शिरणाऱ्या रॉडला (पिस्टनच्या दांड्याला) तेल जागा कुठून देणार?

तपासायचं असं: आर्म वीतभर उंच, खाली भक्कम टेकू, इंजिन बंद, लिव्हर हलवून प्रेशर काढा. सिलिंडरचा रॉडकडचा होज (तेलाची नळी) सोडून त्याला प्लग मारा, उघड्या पोर्टखाली डबा ठेवा. लांब उभं राहून टेकू हळूहळू काढा. पोर्टमधून तेल येत राहिलं तर सील. तेल न येताच आर्म बसत गेला तर व्हॉल्व्ह. सिलिंडर 2 असतात, दोन्ही पाहा. आणि गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. प्रेशरचं तेल कातडीत घुसतं.