कार्बाइन म्हणून विकली, निघाली कापलेली रायफल: 68,500 रुपयांचा धडा

फसवणारा दलाल मराठीत बोलत होता, हे आधी सांगतो. ग्वाल्हेरात आपली मंडळी तिथेच विरघळतात. “काका, तुमच्या घराण्याची वस्तू तुमच्याच घरी चाललीय!” माझे पणजोबा शिंदे सरकारच्या रिसाल्यात होते. हे त्याला कुणी सांगितलं? मीच, आधीच्या भेटीत, चहा पिता पिता. पुढच्या भेटीला त्याच्याकडे नेमकी रिसाल्यातलीच मार्टिनी-हेन्री कार्बाइन, म्हणजे घोडदळाची आखूड नळीची जुनी ब्रिटिश बंदूक निघाली.

किंमत 66,000. त्यातले 11,000 फोनवरून बयाणा, 55,000 रोख. वर ‘पॉलिश आणि पोच’ म्हणून 2,500. पावती मिळाली फक्त 11,000 ची, तीही ‘सजावटीची जुनी वस्तू’ अशी. रोख मागितली की उठून चालू लागा.

आता तो क्षण. नळीमागच्या लोखंडी यंत्रणेच्या उजव्या बाजूला मुकुट, व्ही. आर., एनफिल्ड, 1874 आणि खाली रोमन दोन. मोबाइलच्या उजेडात हा शिक्का मी स्वतः मोठ्यानं वाचला. त्याच्या पोऱ्याला व्हिक्टोरिया राणीबद्दल चार वाक्यंही ऐकवली! घोडदळाची कार्बाइन मंजूर झाली 1877 साली. मग 1874 ची कार्बाइन आली कुठून? शिवाय कार्बाइनवर ‘आय. सी. 1’ अशी खूण असते. नुसता रोमन दोन म्हणजे पायदळाची लांब नळीची रायफल, मार्क दोन, म्हणजे दुसरी आवृत्ती. (पहिल्या मार्कच्या रायफली नंतर दुसऱ्यात बदलल्या गेल्या, म्हणून 1874 वर दोनचा आकडा असण्यात काही वावगं नाही. वावगं सगळं पुढं नळीत होतं.) माल काय आहे ते लोखंडावर छापलेलं होतं, मी वाचत होतो, आणि तो शांतपणे मान डोलावत होता. आठवलं की अजून कानशिलं तापतात. पण मी बँकेतून निवृत्त झालोय, शस्त्रागारातून नाही. ही सालं पाठ असायला हवी होती, असं कुणी शहाण्यानं मला सांगू नये.

उलगडा केला मुरारच्या एका निवृत्त आर्मररनं, म्हणजे फौजेत बंदुका दुरुस्त करणाऱ्यानं. त्यानं आधी टेप लावली. रायफलची नळी 33 इंचांहून थोडी जास्त, कार्बाइनची एकविसाच्या आसपास. माझी होती एकवीस. नळी टोकाकडे निमुळती होत जाते. मधूनच कापली तर तोंडाशी जाड राहते, तशीच होती. टोकावरची मक्खी, म्हणजे नेम धरायचा खुंट, नंतर झाळलेली, झाळीची चंदेरी रेघ काळ्या रंगाखाली नखाला लागत होती. नळीखालच्या लाकडाचं टोक तासलेलं, नळी साफ करायचा गज बसायच्या खाचेत लाकडाची पट्टी ठोकून वरून दाट पॉलिश. त्याच पॉलिशचे मी अडीच हजार मोजले. दस्त्यावर मात्र जुने ओरखडे. एकाच बंदुकीचं लाकूड दोन वयांचं कसं, हे तरी विचारा. स्क्रूच्या खाचा चकाकत असतील तर ती अलीकडेच कुणीतरी उघडली आहे.

ठाण्यात गेलो. “भाईसाहब, पहले ये तय कर लो, हथियार है कि शोपीस?” हत्यार म्हटलं तर परवाना दाखवा. शोपीस म्हटलं तर गुन्हा कसला? नळी परवान्याशिवाय आखूड करणं शस्त्र कायद्याच्या कलम 6 खाली गुन्हा आहे, असं मी म्हणालो. त्यावर साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “काटी किसने? मिली तो आपके पास है.” तक्रारदाराचा आरोपी व्हायला एवढंच लागतं! परवान्याच्या खिडकीवर ‘ठाण्यातून लिहून आणा’. ठाण्यात ‘खिडकीवरून लिहून आणा’. पुरातत्त्ववाल्यांना म्हटलं, 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू विकायला परवाना लागतो, याच्याकडे आहे का ते तरी बघा. तर उत्तर, “छेडछाड झाली असं तुम्हीच म्हणताय, मग ती पुरावस्तू कसली?” एकाही टेबलावर त्या दलालाचं नाव लिहून घ्यायला पेन उचललं गेलं नाही. माझा पत्ता मात्र सगळीकडे व्यवस्थित लिहून घेतला. शेवटी वकिलानं सुचवलं म्हणून वस्तू पोच घेऊन ठाण्यात जमा केली. म्हणजे पैसेही गेले आणि भिंतही रिकामी.

‘नळी वेल्ड करून बंद केलीय, परवाना नको’ हे वाक्य ऐकलंत तर सावध व्हा. शस्त्र कायद्याच्या कलम 45 ची सूट जुनाट हत्याराला आहे, पण ते दुरुस्ती करूनही चालणार नाही असं असेल तरच. हे ठरवणारा दलाल कोण?

तो अजून धंद्यात आहे. परवा एका ओळखीच्यांना नवी ‘कार्बाइन’ दाखवली, 74,000 ला. फोटो मागाल तर उजव्या बाजूच्या शिक्क्याचा आणि नळीच्या तोंडाचा मागा. डाव्या बाजूचे तो न मागताच पाठवतो.