हाताने रंगवलेला फोटो की सायनोटाइप?

आमच्याकडे जुन्या घरांत आजोबांचा रंगवलेला फोटो अजून भिंतीवर दिसतो: फेटा गुलाबी, ओठ जरा जास्तच लाल. १९व्या शतकात भारतीय चितारी छापील फोटोवर इतका दाट जलरंग लावत की खालचा फोटो जवळपास झाकून जाई. आज हेच करायचं तर मॅट कागदावरची प्रिंट हवी. गुळगुळीत लॅब प्रिंटवर जलरंग धरत नाही, ओघळतो. चेहरा, आठवण, माणूस असेल तर मी हाच मार्ग घेईन. मात्र एका फोटोला अख्खी दुपार जाते.

सायनोटाइप म्हणजे उन्हाच्या मदतीने निळं चित्र उमटवायची छपाई; ते इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलं. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड या दोन रसायनांचं मिश्रण सावलीत कागदावर किंवा सुती कापडावर लावायचं, वाळलं की वर पळसाचं पान किंवा पारदर्शक फिल्मवर छापलेली निगेटिव्ह ठेवायची आणि उन्हात न्यायचं. विदर्भातलं मे महिन्याचं ऊन, जे एरवी जीव नकोसा करतं, इथे फुकटचा दिवा होतं. मग पाण्यात धुतलं की निळा उमटतो. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे विदर्भातल्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातल्या, गावांनी जपावं: अल्कधर्मी पाण्याने हा निळा फिका पडतो, म्हणून पहिल्या पाण्यात थोडं लिंबू पिळावं.

कपाशीच्या मुलखात सुती कापडावरचा हा निळा मला जास्त भावतो. त्यावर सुईने रंगीत धागाही ओवता येतो.