एसईओ कुणी करायचं: तुम्ही, फ्रीलान्सर की एजन्सी?

वेबसाइट तयार झाली, पण सर्चमध्ये ती कुठेच दिसत नाही. इथे लहान व्यावसायिकापुढे तीन वाटा असतात: स्वतः शिकून करायचं, फ्रीलान्सर गाठायचा किंवा एजन्सीला दरमहा पैसे द्यायचे. तुलना बहुतेक वेळा खर्चावर येऊन थांबते. माझ्या मते आधी कामाची वाटणी करावी. एसईओतली (म्हणजे वेबसाइट सर्चमध्ये वर दिसावी यासाठीच्या खटपटीतली) काही कामं मालकाशिवाय कुणाला नीट जमत नाहीत, आणि काहींना मालकाने हात न लावलेलाच बरा.

मालकाने सोडू नयेत अशी कामं

पहिलं काम शब्द गोळा करण्याचं. प्लंबिंगचा व्यवसाय करणारा वेबसाइटवर ‘सर्वसमावेशक जलवाहिनी सेवा’ असं लिहून ठेवतो आणि ग्राहक शोधतो ‘बाथरूममधली गळती कशी थांबवायची’. ग्राहक फोनवर कोणत्या शब्दांत विचारतो हे तुम्ही रोज ऐकता. एजन्सीतला माणूस ते ऐकत नाही. त्याच्याकडे कीवर्ड टूल असतं, म्हणजे कोणता शब्द किती वेळा शोधला जातो हे सांगणारं साधन, पण ते फक्त अंदाज देतं. व्यवसाय छोट्या भागापुरता असेल, तर कामाच्या शब्दांपुढेही तिथे शून्य दिसू शकतं. म्हणून वारंवार येणारे प्रश्न वहीत उतरवा आणि प्रत्येक सेवेला स्वतंत्र पान द्या. हा मजकूर बाहेरच्याकडून लिहून घेतला, तरी कच्चा माल तुमचाच हवा.

दुसरं काम गुगल बिझनेस प्रोफाइलचं, म्हणजे गुगल सर्च आणि नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या माहितीचं (नोव्हेंबर २०२१ पर्यंत याचं नाव ‘गुगल माय बिझनेस’ होतं). ते फुकट आहे. स्थानिक निकालांसाठी गुगल तीन गोष्टी सांगतं: शोधाशी जुळणारी माहिती, अंतर आणि व्यवसायाची ख्याती. अंतर कुणाच्याच हातात नाही. उरलेल्या दोन्हींसाठी योग्य कॅटेगरी, खऱ्या वेळा, फोटो आणि रिव्ह्यूंना उत्तरं लागतात, आणि यासाठी महिन्याचा करार करणं मला तरी उधळपट्टी वाटते. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत मात्र देऊ नका, ते गुगलच्या नियमांविरुद्ध आहे. व्यवसाय निव्वळ ऑनलाइन असेल आणि ग्राहकाशी कुठेच प्रत्यक्ष गाठ पडत नसेल, तर ही प्रोफाइल मिळत नाही. तुम्ही सरळ पुढे जा.

तिसरं काम सर्च कन्सोल जोडण्याचं. तुमची वेबसाइट सर्चमध्ये कशी दिसते हे दाखवणारं हे गुगलचं साधन. हेही फुकट. वेबसाइट जोडल्यापासून माहिती जमायला लागते आणि १६ महिन्यांपर्यंतचे आकडे पाहता येतात. एसईओ पुढच्या वर्षी करायचं ठरवलं असेल, तरी हे आजच जोडून ठेवा.

फ्रीलान्सर कधी

काम तांत्रिक असेल आणि त्याला शेवट असेल, तेव्हा. वेबसाइट बनवताना लावलेला ‘नोइंडेक्स’ (पान सर्चमध्ये दाखवू नका अशी सूचना) काढायचा राहून गेला, तर मजकूर कितीही चांगला असो, पान सर्चमध्ये येणारच नाही. डिझाइन बदलताना पानांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यांवरून ३०१ रीडायरेक्ट (नव्या पत्त्यावर कायमचं वळवणं) दिले नाहीत, तर कमावलेलं स्थान हातचं जातं. वेगाचंही तसंच. गुगलच्या निकषांनुसार पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा आणि क्लिकला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा. हे दुरुस्त करायला जाणकार हात लागतो, पण तो दरमहा लागत नाही.

फ्रीलान्सरची अडचण उघड आहे: माणूस एकच. तो आजारी पडला किंवा मोठ्या कामात अडकला की तुमचं काम थांबतं. शिवाय चांगला तांत्रिक माणूस चांगलं लिहीलच असं नाही. त्यामुळे त्याच्याकडून ऑडिट, म्हणजे वेबसाइटची तपासणी, मागताना प्रत्येक त्रुटीचा परिणाम आणि दुरुस्तीचा क्रम लिहून घ्या. टूलने काढलेला शंभर पानी अहवाल कुणीही पाठवू शकतो.

एजन्सी कधी

शाखा अनेक, उत्पादनं हजारो, स्पर्धकांकडे स्वतःची टीम, अशी स्थिती असेल तर एजन्सीला पर्याय नाही. लेखक, डेव्हलपर, आकडे पाहणारा हे सगळे एकत्र मिळतात आणि काम अडत नाही. पण पाच-दहा पानांच्या वेबसाइटला दर महिन्याला एवढं काम निघतच नाही. मग रिपोर्ट जाडजूड होत जातो.

एजन्सीची पारख करायला काही गोष्टी पुरतात. ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ म्हटलं की बोलणं संपवा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही हे गुगलनेच लिहून ठेवलंय. सुधारणा करून त्यांचा फायदा दिसायला बहुतेक वेळा ४ महिने ते १ वर्ष लागतं, असंही ते सांगतं. ‘मेटा कीवर्ड’ (पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी) भरण्याचे पैसे मागितले, तर तो टॅग रँकिंगसाठी, म्हणजे निकालांचा क्रम लावायला, वापरत नसल्याचं गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. दरमहा दुसऱ्या वेबसाइटवरून तुमच्याकडे ठरावीक संख्येने लिंक देण्याचं पॅकेज तर घेऊच नका. रँकिंगसाठी लिंक विकत घेणं हे नियमांचं उल्लंघन आहे आणि कारवाई झाली की निकालांतून खाली जाते ती तुमची वेबसाइट. यंत्राकडून घाऊक पानं पाडून घेण्याचंही तेच: केवळ रँकिंगसाठी केलेला असा भरणा मार्च २०२४ पासून स्पॅम धोरणात स्पष्ट नाव घेऊन आलाय.

काम कुणालाही द्या, डोमेन, होस्टिंग, सर्च कन्सोल आणि प्रोफाइल यांची मालकी तुमच्या ईमेलवर हवी. दुसऱ्याला फक्त प्रवेश द्या. ‘आम्हीच सगळं उघडून देतो’ हे ऐकायला सोयीचं वाटतं, पण करार मोडताना खाती परत मिळवण्यासाठी विनवण्या कराव्या लागतात.

आणि जाहिराती?

याच महिन्यात फोन वाजायला हवेत, तर एसईओच्या आधी सर्च जाहिराती. पैसे थांबले की त्या थांबतात आणि त्यांच्यामुळे नेहमीच्या निकालांतलं स्थान वर जात नाही. तरी एक फायदा हाती लागतो: कोणत्या शब्दांवर क्लिक आलं आणि त्यातून चौकशी झाली का, हे जाहिरातींच्या अहवालात लवकर कळतं. नवीन पानं त्या शब्दांवर लिहा.

पाया घालून झाल्यावर सहाएक महिन्यांनी सर्च कन्सोल उघडा. पान दिसतंय पण क्लिक येत नाहीत, तर शीर्षक आणि वर्णन स्वतः बदलून पाहा. पान इंडेक्सच झालेलं नाही, म्हणजे गुगलच्या नोंदीतच नाही, आणि कारण कळत नाही, तर फ्रीलान्सर. तुमची महत्त्वाची बरीच पानं सर्च निकालांच्या दुसऱ्या पानावर अडकलीत, वरचे सगळे मोठे स्पर्धक आहेत आणि एका नव्या ग्राहकामागची तुमची कमाई महिन्याचा खर्च पेलू शकते, तर एजन्सीला फोन करा.