समोर समुद्र की मागे डोंगर? बेटावर बिऱ्हाड थाटताना

उष्ण कटिबंधातल्या बेटावर राहायला जायचं ठरलं की घर शोधताना एक वाद ठरलेला. किनाऱ्यालगत, बाल्कनीतून समुद्र दिसणारा फ्लॅट घ्यायचा की आत, उंचावर, झाडीतला? आम्ही पहिल्या प्रकारात आठ महिने काढले आणि मग दुसऱ्या प्रकारात दीड वर्ष. विनात्रासाचं एकही नाही. किनाऱ्यावर धातू जातो. डोंगरावर कापड, कागद आणि चामडं जातं. म्हणून बाल्कनीतून काय दिसतं यापेक्षा आपल्या खोक्यांत काय भरलंय ते बघून घर ठरवावं, असं माझं मत झालंय.

त्याआधी बेटाची बाजू बघा. किनारा म्हणजे कोरडा आणि डोंगर म्हणजे ओला, असं सरसकट नसतं. व्यापारी वारे वर्षातला बराच काळ एकाच दिशेनं येतात: उत्तर गोलार्धात ईशान्येकडून, दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून. वाऱ्यासमोरच्या बाजूला ढग डोंगराला अडून तिथेच रिते होतात आणि पलीकडची बाजू कोरडी राहते. हवाई बेटावर पूर्वेकडच्या हिलो शहरात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, वायव्य किनाऱ्यावरच्या कावाइहाएला 300 मिलिमीटरही पडत नाही. मॉरिशसमध्ये पोर्ट लुईस घामानं निथळत असतं तेव्हा साडेपाचशे मीटर उंचीवरच्या क्युरपाइपमध्ये धुकं आणि भुरभुर चालू असते. थोडक्यात, वाऱ्यासमोरचा किनारा सगळ्यात खारा आणि वाऱ्यासमोरचा डोंगर सगळ्यात ओला. वाऱ्याआडच्या बाजूला दोन्ही त्रास सौम्य असतात, पण उकाडा सोसायची तयारी हवी.

किनाऱ्यावरच्या घरात सहाव्या आठवड्यात बाल्कनीचं सरकतं दार जाम झालं. रुळात वाळू अडकली असेल म्हणून मी जुना टूथब्रश घेऊन घासत बसले. मग दार उचलून बघितलं तर खालच्या चाकांचे आस गंजून गेलेले, आणि सगळं दार रुळावर पोट टेकून बसलेलं. त्यानंतर एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. कात्री उघडेना, सायकलची साखळी नारिंगी झाली, चष्म्यावर रोज संध्याकाळी चिकट धूसर थर बसू लागला.

हे होतं कारण हवेतून येऊन बसलेलं मीठ पाणी ओढून घेतं. आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ते विरघळून त्याचा पातळ खारा थर होतो, आणि बेटावर निम्म्याहून जास्त रात्री आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे पाऊस पडो न पडो, बिजागरी खाऱ्या पाण्यात भिजतच राहते. गंमत अशी की पावसात उघडं पडलेलं ग्रिल आमच्याकडे बरं टिकलं आणि छताखालचं आधी गेलं, कारण उघड्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याचा फवारा मारायचा, हाच खरा उपाय. तेलपाणी त्यानंतरचं.

‘स्टेनलेस आहे’ या शब्दावर विसंबू नका. नेहमीच्या 304 प्रतीच्या स्टीलवर समुद्रकाठी चहाच्या डागांसारखे तपकिरी ओघळ येतात. 316 प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे ते स्टील बरंच जास्त टिकतं. घरमालक नवीन कडीकोयंडा बसवणार असेल तर एवढा एक आकडा त्याला सांगावा. सगळ्यात महागाचा बळी मात्र एसीचं बाहेरचं युनिट. त्याच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या मिठानं भुगा होऊन गळतात. युनिट समुद्राकडे तोंड करून टांगलेलं असेल, तर दुरुस्ती कोणाच्या खिशातून ते भाडेकरारात लिहून घ्या. आम्ही घेतलं नव्हतं, आणि अनामत रकमेतून वजावट झाली तेव्हा कळलं.

किनाऱ्याच्या बाजूनंही सांगितलं पाहिजे. दोन समोरासमोरच्या भिंतींना खिडक्या असतील तर रात्री एसी लागतच नाही. वाऱ्यापुढे डास टिकत नाहीत. झोप तर अशी लागते की सकाळी गजर वाजला तरी उठवत नाही.

डोंगरावर गेलो तेव्हा पहिल्या रात्री पांघरूण घ्यावं लागलं, आणि आम्ही खूश झालो. दर शंभर मीटरला साधारण 0.6 अंशानं हवा गार होते, म्हणजे पाचशे मीटरवर तीन अंशांचा फरक. पण समुद्रावरून आलेली तीच वाफ गार हवेत मावत नाही, आणि ओल चढते ती तिथूनच. तिसऱ्या महिन्यात कपाट उघडलं तर चामड्याच्या बॅगेवर हिरवट-पांढरी लव, काळ्या कोटाच्या खांद्यांवर पीठ भुरभुरल्यासारखी बुरशी, आणि कॅमेऱ्याच्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बॅग पुसून निघाली, लेन्स गेली ती गेलीच.

बुरशीचं गणित सोपं आहे. घरातली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहिली तर ती सहसा धरत नाही; भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही तर धरते. म्हणून पडद्यांच्या आधी साधा आर्द्रतामापक विकत घ्या आणि कपाटात ठेवा, दिवाणखान्यात नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. एसी खरेदी करताना ‘मोठा घेतला की बरा’ हा मोह टाळा: मोठा एसी खोली पटकन गार करून बंद पडतो आणि हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. आणखी एक चूक आमच्या हातून झाली. झोपायची खोली 20 अंशांवर गार केली, तर त्या भिंतीच्या पलीकडे, एसी नसलेल्या खोलीत, काळे ठिपके उठले. बाहेरच्या दमट हवेला ती भिंत गार पेल्यासारखीच. 25-26 अंशांवर ठेवल्यावर ठिपके वाढायचे थांबले.

ओल शोषणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, डोंगरावर चैन नाही, गरज आहे. त्याची टाकी रोज रिकामी करावी लागते, आणि एवढं पाणी आपण नाकातून आत घेत होतो की काय असं वाटून जातं. ते चालताना खोली थोडी गरम करतं, हे मात्र विक्रेता सांगत नाही. गार डोंगरावर तेही चालून जातं. किनाऱ्यावर तेच यंत्र लावलं तर खोली भट्टी होते.

किडे दोन्हीकडे आहेत, पण वेगळे. झाडीत डेंग्यू पसरवणारा एडीस डास जास्त. त्याला बाटलीच्या झाकणाएवढं पाणी पुरतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा घासून ओता, कारण अंडी कडेला चिकटून राहतात आणि सुकली तरी मरत नाहीत. कोरड्या लाकडातली वाळवी कुठेही येते, तिला मातीशी संबंध लागत नाही. फर्निचरखाली खसखशीसारखे दाणे दिसले तर ती तिचीच विष्ठा.

वादळांच्या बाबतीत अक्षांश बघून घ्या. विषुववृत्ताच्या पाच अंशांत चक्रीवादळ क्वचितच होतं. 2001च्या डिसेंबरमधलं सिंगापूरजवळचं ‘वामेई’ हा नावाजलेला अपवाद. त्याबाहेरच्या बेटांवर किनाऱ्याला भीती उधाणाची, डोंगराला दरडींची आणि रस्ता तुटण्याची. उंच मजल्यावर पाणी शिरत नाही हे खरं, पण वारा जास्त झोडपतो, आणि वीज गेली की पंप बंद, म्हणजे नळ कोरडे. 2017च्या मारिया वादळानंतर पोर्तो रिकोत शेवटच्या घरांपर्यंत वीज परत यायला जवळपास वर्ष लागलं. लिफ्टशिवाय चढता येईल तोच मजला घ्यावा, असं मी त्यामुळे म्हणते.

एकट्यानं, चार कपडे आणि एक लॅपटॉप घेऊन येणाऱ्यानं खुशाल समुद्र बघावा. पुस्तकं, वाद्यं, कॅमेरे, लहान मुलं किंवा दमा असलेलं माणूस घरात असेल तर दमट डोंगर टाळाच. सायकल, गाडी, अवजारं, यंत्रं यांवर पोट असेल तर पहिल्या रांगेतला किनारा नको. आमच्यासारखं थोडं थोडं सगळंच असेल तर मधली जागा शोधा: किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटर आत, ढग टेकतात त्या उंचीच्या बरंच खाली, आरपार वारा असलेलं घर. मिठाचा जोर पहिल्या काही शे मीटरांतच बराच ओसरतो, त्यामुळे अंतर थोडं वाढलं तरी फरक मोठा पडतो.

घर बघायला जाल तेव्हा पाऊस पडून गेल्यावर जा. घरमालक बाल्कनी दाखवत असेल तेव्हा तुम्ही कपाटात डोकं घालून वास घ्या. कुबट वासावर रंग मारता येत नाही. सिंकखालच्या बिजागऱ्या बघा. नवा रंग फक्त एकाच कोपऱ्यात का लागलाय ते विचारा. आणि शक्य असेल तर पहिला करार सहा महिन्यांचाच करा, म्हणजे ओला आणि कोरडा असे दोन्ही हंगाम अनुभवल्यावर घर बदलायची मोकळीक राहते.

आम्ही सध्या मधल्या पट्ट्यात, दुसऱ्या मजल्यावर आहोत. समुद्र दिसतो, पण त्यासाठी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चढावं लागतं. पाहुणे आले की आम्ही चढवतो.