'द शॅडोज'चा सगळ्यात पडेल अल्बम
'द शॅडोज' या ब्रिटिश गिटार बँडचा सगळ्यात पडेल अल्बम कोणता, हा वाद रत्नागिरीकडच्या कॅसेटवेड्यांत पेटला की बोटं १९८० नंतरच्या, पॉलिडोर या रेकॉर्ड कंपनीकडच्या काळाकडेच जातात. माझं मत १९८६ च्या 'मूनलाइट शॅडोज'ला. बँडचा मुख्य गिटारवादक हँक मार्विनचा हात बिघडलेला नाही, हे आधीच सांगतो. पण गाणी दुसऱ्यांची, गायकाची ओळ जशीच्या तशी गिटारवर, आणि मागे सिंथेसायझरचा घट्ट पाक. त्यांच्याच गाजलेल्या 'अपाची' या धुनेत (१९६०) इको दोन सुरांमधल्या मोकळ्या जागेत ऐकू येतो. इथे ती जागाच ठेवलेली नाही. त्यापेक्षा 'स्ट्रिंग ऑफ हिट्स' (१९७९) घ्या, निदान त्यातल्या 'कॅव्हटिना' या धुनेसाठी.

जुनी कॅसेट घेताना खिडकीतून फितीची कड बघा. आपल्या दमट हवेत पांढरी बुरशी धरते, ती प्लेअरच्या हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागली की वरचे सूर आधी दबतात. तसली फुकटही नको.