अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर (१९५१): डीव्हीडी घ्यायची तर न कापलेलीच घ्या

टेनेसी विल्यम्सचं हे नाटक, तेंडुलकरांनी ‘वासनाचक्र’ नावाने मराठीत आणलं तेच. त्यावरच्या सिनेमाची डीव्हीडी मिळाली आणि लागोपाठ दोन रात्री बघितला.

नाटकाचा सिनेमा करायचा म्हटलं की सगळ्यांना घराबाहेर पडायची घाई होते. दिग्दर्शक एलिया काझानलाही झाली होती, १९४७ ला ब्रॉडवेवर नाटक त्यानेच बसवलेलं, तरी सिनेमासाठी त्याने ब्लांशचे (बहीण स्टेलाकडे राहायला आलेली नायिका) गावाकडचे दिवस दाखवणारी पटकथा करायला घेतली आणि मग ती बाजूला टाकून परत नाटकाकडेच आला. फार बरं केलं! स्टेशन, बोलिंगचा हॉल असं थोडं सोडलं तर आपण न्यू ऑर्लिन्समधल्या स्टेला आणि तिचा नवरा स्टॅनलीच्या दोन खोल्यांतच असतो, आणि सेटच्या भिंती सरकत्या होत्या, म्हणजे गोष्ट पुढे जाते तशी खोली खरोखरच लहान करत नेलीय. पहिल्या रात्री हे माहीत नव्हतं, नुसतं गुदमरायला झालं. नाटकात आपल्या बाजूची भिंत नसतेच ना, इथे आपण ब्लांशबरोबर आत कोंडले जातो.

व्हिव्हियन ली (ब्लांश) लंडनच्या प्रयोगातून आलेली, मार्लन ब्रँडो (स्टॅनली), किम हंटर (स्टेला), कार्ल माल्डन ब्रॉडवेचे. लीचा अभिनय थोडा मोठा, नाटकी वाटतो आणि ब्रँडो समोर घरात बसल्यासारखा पुटपुटतो, पण ब्लांश दिवसभर स्वतःचं नाटकच करत असते त्यामुळे मला हा फरक अगदी बरोबर वाटला. ऑस्कर बाकीच्या तिघांना मिळालं, ब्रँडोला नाही, हे अजून पटत नाही.

सेन्सॉरने तेव्हा कापलेली काही मिनिटं १९९३ मध्ये परत जोडली, तीच आवृत्ती घ्या. स्टेला जिना उतरते तेव्हाचे तिचे क्लोजअप आणि संगीतकार अ‍ॅलेक्स नॉर्थचं जॅझ त्यात आहे, ते नसेल तर ती स्टॅनलीसारख्या माणसाकडे परत का जाते हे कळणारच नाही.

राग एकाच गोष्टीचा. ब्लांशच्या नवऱ्याचं गुपित (तो समलिंगी होता) तेव्हा संवादातूनच काढून टाकलेलं, ते कुठल्याच आवृत्तीत नाही. आणि शेवट! सिनेमात स्टेला बाळाला घेऊन वर शेजारणीकडे जाते, परत येणार नाही म्हणते. नाटकात ती स्टॅनलीच्या मिठीत रडत असते आणि बाजूला पत्त्यांचा पुढचा डाव सुरू होतो.