माइकशेजारी ४.८ गिगाहर्ट्झ : नॉक्टुआ एनएच-डी१५

नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा एनएच-डी१५ हा एअर कूलर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हवेने काढून टाकणारं उपकरण, २०१४ मध्ये आला. गेम खेळणाऱ्यांनी त्याच्याबद्दल भरपूर लिहून ठेवलंय, पण माझी गरज जरा वेगळी आहे. मी ध्वनिमिश्रण करते आणि माझा कॉम्प्युटर नि माइक एकाच खोलीत असतात. प्रोसेसर वेगात पळायला हवा आणि डबा गप्प बसायला हवा. या दोन मागण्यांचं एकमेकींशी कधीच पटत नाही.

मुळात मला ओव्हरक्लॉक, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगाच्या वर पळवणं, कशाला हवा, तर बफरसाठी. बफर म्हणजे प्रोसेसर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज लगेच ऐकू यायला हवा, म्हणून बफर लहान ठेवावा लागतो. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पल म्हणजे जेमतेम १.३ मिलिसेकंद. तेवढ्यात त्या ट्रॅकवरच्या सगळ्या प्लगइनचं (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या जोड-प्रोग्रामचं) काम उरकलं नाही, की कानात ‘टक्’ होतं आणि टेक गेला. एकामागोमाग एक जोडलेली प्लगइन सहसा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे एकाच गणन-भागावर, चालतात, त्यामुळे बाकीचे कोअर मोकळे असून फायदा नसतो. माझ्याकडे इंटेलचा कोअर आय७-८७००के आहे, २०१७ चा. एकाच कोअरवर ताण असेल तर तो आपणहून ४.७ गिगाहर्ट्झला जातो, पण सहाही कोअर कामाला लागले की ४.३ वर येतो. मोठा प्रोजेक्ट उघडला की सहाही कामाला लागतातच. मला तो मधला फरक परत हवा होता, आणि जमलं तर थोडा वर.

वॉटर कूलिंगचा विचार मी फार काळ केला नाही. त्यात पंप असतो आणि काम असो-नसो, तो चालूच राहतो. पंपाचा बारीक, एकसुरी आवाज माझ्या माइकला फार लवकर सापडतो. शिवाय पंप बंद पडला तर पाणी जागच्या जागी तापत बसतं. एअर कूलरचा पंखा बंद पडला तरी हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषणारं धातूच्या पात्यांचं धूड, तिथेच असतं, डब्यातले बाकीचे पंखे थोडीफार हवा फिरवतात, आणि हातातलं काम सेव्ह करून कॉम्प्युटर बंद करायला अवधी मिळतो.

आता वस्तू. दोन पंख्यांसकट वजन १.३२ किलो, उंची १६५ मिलिमीटर. पात्यांचे दोन मनोरे, उष्णता वर नेणाऱ्या सहा नळ्या (हीटपाइप), १४० मिलिमीटरचे दोन पंखे. घेण्याआधी कॅबिनेटची आतली जागा मोजा, अंदाजावर जाऊ नका. पुढचा पंखा नेहमीच्या जागी लावला तर खाली रॅमसाठी ३२ मिलिमीटर उंची उरते, म्हणजे शोभेचं उंच आवरण असलेली रॅम बसत नाही. माझी रॅम साधी, बुटकी आहे म्हणून प्रश्न आला नाही. काही मदरबोर्डांवर सगळ्यात वरचा ग्राफिक्स कार्डाचा स्लॉटही अडतो. तशा बोर्डासाठी डी१५एस ही बाजूला सरकवलेली आवृत्ती बघावी. रंगाबद्दल काय बोलणार? तपकिरी नि बदामी. माझ्या कॅबिनेटला काच नाही, त्यामुळे मला चालतो.

बसवणं मात्र सुखाचं आहे. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर कूलरच्या खोक्यातच येतो आणि त्याची खरंच गरज पडते, कारण स्क्रू दोन मनोऱ्यांच्या मधल्या घळीत आहेत. मधला पंखा आधी काढायचा. उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा चार-पाच मिलिमीटरचा ठिपका प्रोसेसरच्या मध्यावर ठेवायचा, बोटाने पसरायचा नाही. हीटसिंक सरळ वरून खाली टेकवायचं. मग एका बाजूचा स्क्रू दोन फेरे, दुसऱ्या बाजूचा दोन फेरे, असं आलटून पालटून. स्प्रिंग दाबली जाते आणि एका जागी स्क्रू थांबतो, त्यापुढे जोर लावायचा नाही. पंखा अडकवायच्या तारेच्या क्लिपा तेवढ्या हट्टी आहेत, आणि पात्यांच्या कडा बोटांना लागतात. हवेची दिशा कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे ठेवायची. हे धूड बोर्डाला टांगलेलं असतं, म्हणून कॉम्प्युटर गाडीतून न्यायचा झाला तर मी कॅबिनेट आडवं ठेवते.

आता खरा मुद्दा. ओव्हरक्लॉक सुरक्षित आहे की नाही हे कूलर ठरवत नाही, व्होल्टेज ठरवतं. प्रोसेसर फार तापला तर १०० अंशांना स्वतःच वेग उतरवतो. जास्त व्होल्टेजबद्दल मात्र तो तक्रार करत नाही. तो महिनोन्‌महिने निमूट झिजतो, आणि मग आधी जिथे स्थिर होता तिथेच अडखळायला लागतो. म्हणून पहिलं काम म्हणजे बायोसमधलं (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधलं) व्होल्टेज ऑटोवरून काढणं. नुसता मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक, ४८ म्हणजे ४.८ गिगाहर्ट्झ) ४८ करून बाकी सगळं बोर्डावर सोपवलं, तेव्हा माझ्या बोर्डाने १.३८ व्होल्टच्या आसपास मजल मारली. तोच प्रोसेसर तोच वेग १.२८ व्होल्टला बिनतक्रार देतो.

हा फरक दिसायला किरकोळ आहे, पण वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.३ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्ट धरले, तर ४.८ ला १.२८ म्हणजे वेग १२ टक्क्यांनी वाढला, उष्णता साधारण २७ टक्क्यांनी. ५.० साठी माझ्या नगाला १.३८ लागतात. तिथे वेग १६ टक्के वर, आणि उष्णता ५४. शेवटच्या ०.२ गिगाहर्ट्झसाठी एवढी किंमत मोजायची का, याचं माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. तुमचा नग वेगळा निघेल, तेव्हा माझे आकडे जसेच्या तसे भरू नका.

पद्धत सांगते. रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग) आधी बंद, म्हणजे गडबड झाली तर दोष कुणाचा ते कळतं. मग मल्टिप्लायर एकेक पायरी वर, दर पायरीला सिनेबेंच ही ताण देणारी चाचणी, आणि शेजारी तापमान-व्होल्टेज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं. सिनेबेंच पार पडलं म्हणजे झालं, असं नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘व्हिया’ (WHEA), म्हणजे विंडोजने नोंदवलेल्या हार्डवेअरच्या त्रुटींची ओळ असते. तिथे शून्याशिवाय काहीही दिसलं तर एक पायरी खाली या, किंवा व्होल्टेज अगदी थोडं वाढवा. ताण आल्यावर व्होल्टेज घसरू न देणारं लोड-लाइन कॅलिब्रेशन हे सेटिंग मधल्या पातळीवर ठेवा. सगळ्यात वरच्या पातळीवर ताण सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळी घेतं आणि ती उसळी मॉनिटरिंगच्या आकड्यात दिसतेच असं नाही. एव्हीएक्स ऑफसेट मी २ ठेवलाय, म्हणजे एव्हीएक्स या जड गणिती सूचना चालताना मल्टिप्लायर दोन पायऱ्या उतरतो, कारण त्या वेळी उष्णता एकदम चढते.

एक चाचणी माझ्या धंद्यातली. तोच प्रोजेक्ट दोनदा एक्स्पोर्ट करायचा, एका फाइलचा फेज उलटा करायचा आणि दोन्ही एकत्र वाजवायच्या. निखळ शांतता आली पाहिजे. कोरस किंवा काही रिव्हर्ब अशा इफेक्टमध्ये मुद्दाम यदृच्छ हालचाल असते, ती प्लगइन आधी काढून टाका, नाहीतर उगाच घाबराल. काही शिल्लक ऐकू आलं तर सिनेबेंच काहीही म्हणो, मी ते सेटिंग वापरत नाही.

४.८ ला, एव्हीएक्स बंद ठेवून प्राइम९५ ही सगळ्यात कठोर ताण-चाचणी चालवली की सगळ्यात गरम कोअर ८४ अंशांना टेकतो. माझी मर्यादा ८५. रोजच्या मिश्रणात आकडा साठीच्या घरात असतो. ५.० ला तीच चाचणी नव्वदीच्या पुढे गेली आणि मी ती थांबवली. त्या वेळी हीटसिंकच्या पात्यांना हात लावून पाहिला, तर ती नुसती कोमट! म्हणजे कूलर थकला नव्हता, त्याच्यापर्यंत उष्णताच पोहोचत नव्हती. या पिढीत चिप आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये सोल्डर नाही, पेस्ट आहे. सगळं तिथे अडतं. झाकण उपटून आत लिक्विड मेटल भरणारे शूर लोक आहेत. मी त्यांच्यातली नाही. तसं केल्यावर वॉरंटी मागायला जायचं तोंड राहत नाही, आणि ओव्हरक्लॉकनेही ती धोक्यात येतेच.

म्हणून मग उरलेली ताकद मी शांततेवर खर्च केली. पंखे मिनिटाला १५०० फेऱ्यांपर्यंत जातात, तेव्हा कंपनीच्या मोजणीने एकेकाचा आवाज २४.६ डेसिबल. सोबतचा वेग कमी करणारा अडॅप्टर लावला की कमाल १२०० फेरे, १९.२ डेसिबल. मी बायोसमध्ये ६५ अंशांपर्यंत ७०० फेरे कायम ठेवलेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेग बदलण्याआधीचा विलंब जमेल तेवढा वाढवलाय. प्लगइनची खिडकी उघडली तरी तापमान सेकंदभर दहा अंशांनी उडी मारतं, आणि विलंब नसेल तर पंखा लगेच सूर चढवतो. एकसारखी घरघर नॉइज रिडक्शनने निघते, चढ-उतार निघत नाहीत. मऊ आवाजातलं निवेदन घेताना आता ट्रॅकच्या तळाशी कॉम्प्युटर शोधावा लागतो.

गेमसाठी वापरणारा, हेडफोन लावून बसणारा माणूस याच्याहून अर्ध्या आकाराच्या एका मनोऱ्याच्या कूलरवर ४.७ सहज चालवेल. त्याने एवढं वजन बोर्डाला टांगू नये. नावाच्या शेवटी ‘के’ नसलेला इंटेलचा प्रोसेसर असेल तर प्रश्नच नाही, मल्टिप्लायर वर जाणारच नाही. मी सहा वर्षांच्या वॉरंटीकडे आणि बदलता येणाऱ्या पंख्यांकडे पाहून घेतला.

२०२४ मध्ये याची जी२ आवृत्ती आली, आठ हीटपाइपची. माझ्या प्रोसेसरवर ती लावून हाती फारसं काही लागणार नाही, उष्णता झाकणाखालीच अडकलेली आहे. पुढचा प्रोसेसर घेईन तेव्हा बघेन.